काटा बारावर आणला त्याची हकिकत

ती. दादांना साष्टांग नमस्कार.

आपली तब्येत, वहिनींचे गुडघे आणि आपला स्वतःच्या ज्ञानावरचा विश्वास, सगळं ठणठणीत असेल अशी आशा आहे. इकडे मी आणि आपली धाकटी बहीण सुखरूप आहोत. वेगवेगळ्या खोल्यांत आहोत, पण सुखरूप आहोत.

कारण तुमची गाडी. (चालते तेव्हा आमची, बिघडली की तुमची, असा घरात ठराव झालाय.) गाडी देताना तुम्ही हौसेने डॅशबोर्डवर व्होल्टचा काटा बसवून दिलात आणि बजावलंत की बॅटरी बारा व्होल्टची आहे, काट्यावर डोळा ठेवा. ठेवला. रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त ठेवला. तर गाडी सुरू केली रे केली की काटा सव्वाचौदावर! बाराच्या बॅटरीत चौदा म्हटल्यावर ती आता फुटणारच, असं मी धरून चाललो. तो जादा दाब उतरवायला मी भर उन्हात हेडलाइट लावले, कोरड्या काचेवर वायपर फिरवले, एसी, रेडिओ, सगळं एकदम चालू केलं. लोक वळून वळून बघत होते. काटा जेमतेम तसूभर हलला. तुमच्याच घरातला हट्टी स्वभाव.

शेवटी परवा संध्याकाळी मला युक्ती सुचली. दारात गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि दिवे तसेच ठेवले. (डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला, तो मी शाबासकी समजलो.) काटा शहाण्यासारखा उतरत बारावर आला. पक्का बसावा म्हणून आणखी थोडा वेळ दिवे ठेवले आणि मग निवांत जेवलो.

सकाळी हिची मेट्रनच्या जागेसाठी मुलाखत. इतकी वर्षं नर्स म्हणून वॉर्डात पाय झिजवून आलेली एकमेव संधी. इस्त्रीची साडी नेसून ही गाडीत बसली, मी ऐटीत किल्ली फिरवली आणि गाडीने नुसतं टकटक केलं. ही दार आपटून उतरली. शेजारणीच्या स्कूटरवर मागे बसून गेली, केसांचं पार घरटं करून उशिरा पोहोचली आणि मुलाखतीच्या रांगेत शेवटच्या नंबरावर ढकलली गेली.

परतताना गॅरेजात विचारूनच आली. म्हणाली, "इंजिन चालू असताना चौदा म्हणजे बॅटरी चार्ज होत असते. ती बिचारी जेवत होती, तू तिला ताटावरून उठवलंस."

एवढं सगळं कुणामुळे, ते मी तिला स्पष्ट सांगितलं आहे. तुमच्यामुळे.

आपला (सध्या पायी फिरणारा)
मेहुणा

ता. क. जागा तिलाच मिळाली. रागालाही सोबत बढती मिळाली आहे.

आणखी एक. ती रविवारी तुमच्याकडे जाब विचारायला येतेय. "गाडी बंद असताना काटा साडेबाराच्या खाली जाऊ देऊ नका," असं तुम्ही तेव्हा दोनदा म्हणाला होतात, हे मला चांगलं आठवतं. तुम्ही मात्र कृपा करून ते विसरा. तुम्ही सख्खे भाऊ, तुमच्यावर आठवडाभर रागावेल. माझ्यावर जन्मभर.