मागचा दोर

प्रिय वेंडेलिन,

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला तू फोन ठेवतोस, म्हणून हे पत्र. इन्सब्रुकला जाणाऱ्या बसचा चालक गेबहार्ट ते तुझ्या हातात देईल. उत्तर घेतल्याशिवाय परत फिरायचे नाही, असे त्याला बजावले आहे.

वर्तमानपत्रातला तुझा लेख वाचला. कृत्रिम बर्फ म्हणजे प्रेताच्या गालाला लावलेली लाली, हे तुझे वाक्य इथे पोरासोरांनाही पाठ झाले आहे. वाक्य टाळ्या घेणारे आहे आणि शास्त्र म्हणून भिकार. पाणी, हवा आणि थंडी यांखेरीज माझ्या बर्फात काहीही नसते. त्याचा कण ढगातल्यासारखा सहा पाकळ्यांचा नसतो, गोल असतो. म्हणूनच तो दाटून बसतो आणि उशिरा वितळतो. बाकी तुझे आकडे बिनचूक आहेत, आणि मला झोंबले ते तेच. आपल्या उंचीवरचे हिवाळे संपत आले आहेत, हे मला कोणी व्यासपीठावरून सांगायला नको. पारा खाली उतरण्याची वाट पाहत कृत्रिम बर्फ फवारणाऱ्या तोफांपाशी मी उभी असते, तू नव्हे.

आता बातमी. स्कीच्या पाहुण्यांना डोंगरावर नेणाऱ्या आमच्या लिफ्ट-कंपनीचे मंडळ मला नोकरीवरून काढून टाकण्याच्या तयारीत आहे. माझा अपराध इतकाच, की परवाच्या कोरड्या थंडीत मी दोन तोफा स्कीच्या उतारावरून वळवल्या आणि आपल्या घरापासून चर्चपर्यंत उतरणाऱ्या जुन्या गवतवाटेवर लावल्या. बाबांना याच वाटेने नेले, तेव्हा डोंगरावरचे गवत बर्फावरून खाली आणायच्या घसरगाडीवर शवपेटी बांधली होती. पुढे गाडीची शिंगांसारखी वळलेली टोके धरून मी, मागे दोर आवळून तू. तू हुंदके देत होतास, पण दोर तसूभरही सैल सोडला नाहीस. मला तुझा अभिमान वाटला होता. तेव्हा बोलले नाही, कारण तुझे बूट चुकीचे होते.

शरद ऋतूत डॉक्टरांनी आईचे हृदय तपासले आणि वसंत ऋतूचे नाव काढायचे टाळले. आईला ते बरोबर कळले. ती म्हणाली, “बुर्गा, मोटारीत आडवी होऊन मी जन्मात कुठे गेले नाही, आताही जाणार नाही. मला तुझ्या बाबांच्या वाटेने न्या.” नाताळ गेला तरी वाट तपकिरीच. आई रोज खिडकीतून डोकावायची आणि लग्नाला उशिरा येणाऱ्या पाहुण्याची चौकशी करावी तसे बर्फाबद्दल विचारायची, “आला का गं?” आपल्या पणजीला तर वाट बर्फाने बुजली म्हणून माळ्यावर महिनाभर थांबावे लागले होते, आणि ती मेलेली होती. आई जिवंतपणी थांबली होती, बर्फ नाही म्हणून.

तोफा वळवण्याआधी मी मंडळाकडे रीतसर परवानगी मागितली. मला ढिसाळ कारभार खपत नाही. हार्टविग आता अध्यक्ष आहे. शाळेत माझी गणिते उतरवून पुढे गेला, आणि बेरजेत अजूनही अडखळतो. “बुर्गा, बर्फासाठी साठवलेलं तळ्यातलं पाणी पाहुण्यांसाठी आहे,” तो म्हणाला, “मेलेली माणसं तिकीट काढत नाहीत.” मी म्हटले, “हार्टविग, एक दिवस तूही काढणार नाहीस. तेव्हा तुला कोणत्या वाटेने न्यायचं, ते आत्ताच लिहून ठेव.” कोणी हसले नाही. खजिनदार मात्र बराच वेळ खोकला. ठराव माझ्या विरोधात गेला. मी घरी आले, जवाची आमटी खाल्ली आणि तोफा वळवल्या.

मला काढायचे तर खुशाल काढोत. या खोऱ्यातला प्रत्येक नळ मी आखला आहे. ज्या ज्ञानावर यांची हॉटेले भरली, त्यातले मूठभर मी माझ्या आईवर खर्च केले, तर मी कोणाचीही क्षमा मागणार नाही. तुझ्या लेखाचीही नाही. रात्री तोफा घोंघावू लागल्या तशी आई काचेवर टकटक करून ओरडली, “तो भोंगा बंद कर, मला बातम्या ऐकू येत नाहीत!” मी केला नाही. सकाळी कुंपणापासून चर्चच्या दारापर्यंत वाट पांढरी होती. कडा सरळ, खोली सारखी. तुलाही दोष काढता आला नसता.

तो बर्फ आईची वेळ येईपर्यंत टिकायला हवा, म्हणून आज त्यावर लाकडाचा भुसा पसरायला घेतला, तोच आईने काठीने खिडकी बडवली. “झाकतेस कशाला? मेल्यावर मला काय दिसणार आहे? रविवारी प्रार्थनेला मी त्यावरून घसरगाडीवर बसून जाते. आणि मागचा दोर वेंडेलच्या हातात हवा. दुसऱ्या कोणाला धरायला लावलंस, तर तू अर्ध्या उतारावर थांबून त्याच्या चुका काढत बसशील.” डॉक्टरांना विचारले. ते आधी रागावले, मग म्हणाले, दोन घोंगड्या घाला. तेव्हा शनिवारी संध्याकाळपर्यंत ये. पुढे मी आहे. मागे तुझ्याशिवाय कोणी चालणार नाही, असे तिचे म्हणणे आहे, आणि लिहायला जड जाते, पण माझेही. हा बर्फ तुला खोटा वाटतो ना? मग त्यावर उभा राहून आईला सांभाळून खाली उतरव, आणि तिच्यासमोर तसे म्हणून दाखव. तत्त्वे दाराबाहेर काढून ठेव. बूट मात्र या खेपेला बरोबर घालून ये.

तुझीच,
बुर्गा