बाबांनी गोळा केलेले पास

८ नोव्हें., रवि.
आमचं नि शेजारचं गाव एक होणार म्हणून ही मधलीच निवडणूक. पक्षाच्या यादीत मी नववी, इतक्या खाली जागा पोचत नाही. म्हणजे माझ्या नावावर मतं पडली तरच खरं. नवऱ्याचे, नीलेशचे बाबा साताऱ्याहून विमानाने इकडे आलेत, ते खूष. "पोटनिवडणूकच की! वॉर्डात लई काढल्यात असल्या." त्यांना नुसती मजा.

११ नोव्हें.
बाबा रोज "फिरून येतो" म्हणून जातात ते मराठी घरं पालथी घालायला, हे आज कळलं. जॅकेटमधून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. लोकांचे मतदानाचे पास! मागे सह्या, बदली मतदार म्हणून सगळ्यांवर नीलेशचं नाव. "बुधवारी हापिसं असत्यात. म्हटलं द्या हिकडं, आमचा नील्या टाकंल."
इथे आपल्या मताबरोबर फार तर दोघांचं टाकता येतं, तेही त्यांनी आपणहून दिलं तर. दारोदार मागणं गुन्हा आहे. सांगितलं तर म्हणतात, "आगं, राजीखुशीनं दिल्यात." नीलेश हसला. हसला!!

१२ नोव्हें.
गेमेंटेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला फोन, नाव न सांगता. पास परत घेतला की ज्याचं तो मत देऊ शकतो. हुश्श. बाबांना घेऊन घरोघर परत केले. सगळीकडे तेच: "अगं, एवढं काय त्यात? मत तुलाच!" वर पोहे. बाबा कुठेच आत आले नाहीत, दारातच उभे. मला राग येत होता नि वाईटही वाटत होतं.

१५ नोव्हें.
झोप नाही. नीलेश: "दिले ना परत? झाकली मूठ सव्वा लाखाची." प्रचार बघणारी मरायके आज बाजारात पत्रकं वाटताना म्हणाली, तुमच्या लोकांत काय उत्साह आहे! चेहरा कसाबसा सरळ ठेवला.

१७ नोव्हें.
मरायकेला सगळं सांगून टाकलं. म्हणाली, यादीतून नाव आता निघत नाही. मतदान झालं की आपण स्वतः गेमेंटेत जाऊन सांगायचं. पडलीस तर फारसं कुणी लक्ष देणार नाही. निवडून आलीस, तर ही मतं कशी आली ते विचारतील. तुझ्या सासऱ्यांनाही.
बाबांना काय विचारतील? ते काय सांगतील? नीलेश बोलत नाहीये माझ्याशी.

१८ नोव्हें., बुध.
आपली माणसं लोटली नुसती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली, मतदानाच्या शाळेच्या दारातून मला हात करत होती. प्रत्येक हाताला वाटे, ह्याचा पास त्या गठ्ठ्यातला? आनंद व्हायला हवा होता, नाही झाला.
घरी आले तर बाबांनी बॅग भरलेली. विमान पुढच्या महिन्यात आहे. "पोरी, माझ्यापायी पडलीस तर?"
खरं तेच सांगितलं. "बाबा, मी पडावं म्हणूनच देव पाण्यात घालून बसलेय."
बॅगेची चेन ओढत म्हणाले, "आन् तुझं मत कुणाला दिलंस?"
मलाच दिलं. ते काही सांगवेना. मोजणी सुरू झाली असेल.