जॉयस्टिक, दिवाण आणि गडचिरोलीचं स्थळ

मोहर्ली, भर पावसाळा

तीर्थरूप मुखरूभाऊंना धाकट्या बहिणीचा, रंजीताचा नमस्कार. वहिनींचा गुडघा काय म्हणतो? तुमचं पित्त? इकडे सगळे धडधाकट आहेत, आणि माझा त्रास नेमका तोच आहे. फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी मुद्द्यावर आले की तुमच्या सिरोंच्याचं नेटवर्क जातं. कागदाला ती सोय नाही, तेव्हा चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

विषय तुमचे जावई, म्हणजे आमचे हे. पावसाळ्यात जंगलाचं गेट बंद झालं की सफारीची जिप्सी ताडपत्रीखाली जाते आणि तिचा ड्रायव्हर घरात येतो. (जिप्सी परवडली. ती चहा मागत नाही.) गावातले बाकीचे ड्रायव्हर भाताच्या रोवणीला गेले, यांना मात्र बालपण आठवलं. शाळा बुडवून हे चंद्रपूरला बसस्टँडमागच्या दुकानात व्हिडिओ गेम खेळायचे. पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना लाथा मारायचे आणि हे जॉयस्टिकची मूठ धरून उभे. तोच गेम आता घरी बनवायचा, असं ठरलं. गावातल्या जुबेरचा सायबर कॅफे बंद पडला होता, तिथला कॉम्प्युटर हे उचलून घेऊन आले. (बंद पडलेली वस्तू यांना नावानं हाक मारते.) मग मोबाईलवरून जॉयस्टिक मागवल्या, मिळतील तितक्या स्वस्त. एक नाही, दोन, कारण एकटा माणूस खेळताना येडा दिसतो म्हणे. दुसरा आला की शहाणा दिसत असावा.

पार्सल पानठेल्यावर येऊन पडलं आणि तिथल्या रिकाम्या मंडळींनीच ते फोडलं. आत गोल डोक्याच्या दोन मुठी, रंगीत बटणं, तळहाताएवढ्या हिरव्या पाट्या आणि शेवयांसारखा वायरींचा गुंता. माहितीचा कागद चिनी. आता हे सगळं बसवायला फळी हवी. गोठ्यात फळ्यांचा ढीग आहे, पण त्या ओल्या निघाल्या. कोरडी, सागाची, गुळगुळीत अशी फळी घरात एकच होती, तुम्ही आंदणात दिलेल्या दिवाणाची. मी रेशन घेऊन परत आले तोवर दिवाणाचा मधला भाग कापून त्याला भोकंही पाडून झाली होती. खड्ड्यावर गोधडी, गोधडीवर चादर. "समजतबी नाई," हे म्हणाले, आणि त्या चादरीकडे असे पाहत होते जसा काही दिवाण यांनीच जन्माला घातला.

वायरिंगचं तर विचारूच नका. प्रत्येक बटणाच्या दोन वायरी, त्या हिरव्या पाटीतल्या खाचेत खोचायच्या. "वायरिंगमंदी काय हाये, जिप्सीची तं मीच करतो." (ही तीच जिप्सी, जिचा हॉर्न डावीकडे वळलं की आपोआप वाजतो आणि वाघ उठून निघून जातो.) आधी काहीच चालेना. मग लाथेचं बटण दाबलं की कॉम्प्युटर बंद व्हायला लागला. शेवटी एकदाचं चाललं, तेव्हा कळलं की दोन्ही मुठी आडव्या बसल्या आहेत. उजवीकडे ढकललं की पैलवान उडी मारतो, वर ढकललं की माघार घेतो. त्यात ढग दिसला की इथली वीज जाते, आणि वीज परत आली की कॉम्प्युटर दोन मुठींची अदलाबदल करतो. तुम्ही ज्याला वाचवत होता तो आता समोरच्याचा. मी म्हटलं, मुठी काढा आणि जरा फिरवून बसवा. तर म्हणाले, "हात बसला का सरळच वाटते." यांच्या घराण्यात चूक दुरुस्त करत नाहीत, तिची सवय करून घेतात. यांच्या बहिणीनं, आमच्या दिव्यानीनं तेच केलं. माझी नणंद म्हणून सांगत नाही, पण तिचा हात त्या आडव्या मुठीवर असा बसला की यांना एकही डाव मिळेना.

अशा घरात दिव्यानीसाठी तुम्ही धाडलेलं स्थळ आलं. गडचिरोलीच्या ऑफिसातला प्रणित, त्याचे वडील आणि आत्या बायनाबाई. मान म्हणून बायनाबाईंना यांनी स्वतः दिवाणावर बसवलं. पुढचं लिहायला नकोच. डोकं आणि गुडघे तेवढे वर राहिले. सासूबाई आणि मी त्यांना ओढून काढत असताना तुमच्या जावयांनी काय केलं? पाहुण्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून कॉम्प्युटर लावला.

प्रणित म्हणाला, आपण कॉलेजात चॅम्पियन होतो. एका मुठीवर तो, दुसरीवर दिव्यानी. पहिला डाव तो हरला. "मशीनच उलटी हाये," असं त्याचं म्हणणं, आणि खोटं कशाला बोलू, ते खरंच होतं. हे पाना-पेचकस घेऊन धावले. माझ्यासाठी जी मूठ हलली नाही ती पाहुण्यासाठी चुटकीसरशी सरळ झाली. दिव्यानीची तशीच आडवी. तरी तो हरला. परत हरला. मग त्यानं मूठ अशी हिसडली की गोल डोकं उपटून हातात आलं, ते त्यानं सांबारवडीच्या ताटात फेकलं.

"आमच्या घरी हे चालनार नाई," तो म्हणाला.

दिव्यानीनं विचारलं, "कोनतं? खेळनं का जितनं?"

त्याचे वडील वडी खात समजुतीनं म्हणाले, "हरून द्याचं असते बाई. मानसाचं मन राह्यते."

निघताना बायनाबाई चपला घालता घालता माझा हात धरून थांबल्या. मला वाटलं, दिवाणाबद्दल काही ऐकवतील. हळूच म्हणाल्या, "पोरीले इचारजा. मले कोनी इचारलं नोहतं." आणि पदर सारखा करून गाडीत जाऊन बसल्या.

तर अशी आमची खुशाली. यांना कामधंद्याला लावणारं काही उपदेशपर लिहून पाठवा, वाचणार नाहीत तरी पाठवा. वहिनींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद.

तुमची,
रंजीता

ता. क. प्रणितच्या घरून होकार आला आहे. दिव्यानीचा नकार आहे, सासूबाईंचा आहे, माझा आहे. यांचा होकार होता, पण मुठीचं तुटलेलं डोकं पुन्हा बसेना तेव्हा यांचाही नकार झाला. (कारण काही का असेना.) मुलगा वहिनींच्या मावसभावाचा आणि स्थळ तुम्ही आणलेलं, तेव्हा हे त्यांना तुम्हीच कळवायचं. वहिनींना आधी सांगा, जेवण झाल्यावर. पत्रिका जुळत नाही वगैरे सांगू नका. दिव्यानीनं बजावलं आहे, हरल्यावर फेकाफेक करतो म्हणून नाही म्हटलं, असंच सांगायचं.

पुन्हा ता. क. मंचेरियालला गेलात तर लाल बटण घेऊन या, इथलं दबून बसलं आहे. रोज दुपारी ते मीच बडवते असं यांनी तुम्हाला सांगितलं असेल. साफ खोटं आहे. मी सकाळी खेळते.