शेवटचा फर्मा

आई, तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुला लिहायचं मला आज सुचतंय. आठवण आली म्हणून नाही, लाज वाटतेय म्हणून. ते जपानी कथांचं मराठी पुस्तक आठवतं का तुला? तू बेळगावहून माझ्याकडे बेळ्ळंदूरला राहायला आलीस, त्या हिवाळ्यात मी आणलं होतं. आमच्या सोसायटीतले दहाबारा मराठी लोक रविवारी सकाळी क्लबहाउसात जमून पुस्तकांवर बोलायचे. बहुतेक पुण्यामुंबईचे. त्यांच्यात आपणही काही कमी नाही हे दाखवायला आणलं, चाळलं आणि टीपॉयवर ठेवून दिलं. वाचलंस ते तू, दुपारी गॅलरीत बसून, ओळीवर बोट ठेवून.

एका संध्याकाळी मी कॅबमधून उतरून घरात शिरतो, तर तू पुस्तक पालथं धरून त्याची शिवण तपासते आहेस. "ह्याचा शेवटचा फर्मा ऱ्हायला काय की रे. पण टाके मोजलो, बरोबर हाईत. मग गोष्ट कुठं गेली?" वीस वर्षं तू छापखान्याच्या बायंडिंग खात्यात काढलीस. सोळा-सोळा पानांचे घडी घातलेले फर्मे ओळीनं लावायचे. एक राहिला की अख्खं पुस्तक फुकट आणि वर मालकाची बोलणी. तू आधी शिवणच बघणार. गोष्ट तूच मला उभ्याउभ्या सांगितलीस. एक विधवा बाई रोज भिंतीपलीकडच्या नळाचा आवाज ऐकते. एक दिवस नळ वाजत नाही. ती चपला घालून शेजारच्या दारापुढे जाते, दार वाजवायला हात उचलते आणि गोष्ट संपते. मी ती वाचलीही नव्हती, तरी म्हणालो, "जपानी कथा अशाच असतात, आई. तुला नाही कळायचं."

त्या रविवारी मी तुला क्लबहाउसात घेऊन गेलो. तू इस्त्रीचं पातळ नेसली होतीस. आणि तिथं सगळ्यांदेखत मी सांगितलं, "आमच्या मातोश्रींना वाटलं, बायंडरनं शेवट गिळला!" हशा पिकला. खरं सांगू? तुझं बेळगावकडच्या बायकांचं, पुरुषांसारखं 'मी वाचलो, मी मोजलो' ऐकून ते लोक काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्यांनी तुला हसण्याआधी मीच तुला हसून घेतलं. तूही हसलीस, पदर सारखा केलास आणि मग निघेपर्यंत हातातल्या चहाच्या कपाकडे बघत राहिलीस. तुझा तो चेहरा आठवला की अजून अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

घरी येऊन तू ओट्याशी अवऱ्याचे, म्हणजे पावट्याचे, दाणे सोलत उभी राहिलीस. भिजवायचे आणि चिमटीत दाबून साल काढायची, हे शेजारच्या कन्नड अक्कांनी तुला शिकवलेलं. मी फोनमध्ये डोकं घालून बसलो होतो. माझ्याकडे न बघताच तू म्हणालीस, "दार उघडलं का नाही ते सोड. इतके दिवस ती बाई नुसती ऐकत बसलेली. आज उठून गेली. मला वाटतंय, गोष्ट तिथंच पुरी झाली की रे." मी नुसतं "हं" केलं. तुला वाटलं असेल, मी ऐकलंच नाही. शब्दन् शब्द ऐकला होता, आई.

पुढच्या रविवारी "तुला कंटाळा येतो तिथं" असं म्हणून तुला घरी ठेवलं, आणि तुझं बोलणं जरा नीटनेटकं करून माझं म्हणून सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, "वा! हे कुठं वाचलंत?" मी म्हणालो, "असंच सुचलं." घरी आलो तर तू दारातच विचारलंस, "काय म्हणाले रे लोकं त्या गोष्टीवर?" मी म्हणालो, काही विशेष नाही. त्यानंतर तू त्या पुस्तकाला हात लावला नाहीस. का, ते मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी तू गेलीस.

आता मी व्हाइटफील्डला असतो. ते रविवारचं मंडळ वाढलंय, आणि शेवट अधांतरी सोडणारी कथा आली की सगळे माझ्याकडे बघतात. तुझ्या त्या चार वाक्यांवर मी इतकी वर्षं शहाणा म्हणून मिरवतोय. आता मंडळाची छोटी पुस्तिका निघतेय आणि त्या कथेवर मीच लिहावं असा आग्रह झाला. त्यासाठी ती कथा मी परवा मेट्रोत पहिल्यांदा वाचली. तू सांगितली होतीस तशीच आहे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. लिहायला बसलो तेव्हा 'हे माझ्या आईनं मला सांगितलं, ती बायंडर होती' असं वाक्य टाकलं, खोडलं, पुन्हा टाकलं. शेवटी खोडलंच; लेखात बरोबर बसत नाही, अशी मनाची समजूत घातली. बसत होतं. ते ठेवलं असतं तर इतकी वर्षं तुझं बोलणं मी माझं म्हणून खपवलं हेही सांगावं लागलं असतं.

हे पत्र या वहीतच राहील. लेख मात्र आज सकाळी पाठवून दिला. त्यात तू नाहीस.