चाऊसचाचांच्या अब्बाचं तोंड

३ नोव्हें., सोम.
फ्लेक्सच्या दुकानातून हाकललं. वाढदिवसाच्या बॅनरवर शुभेच्छुकांच्या रांगेत गिरणीवाल्याचा बोकड टाकला होता, गॉगल लावून. हर्सूलच्या चौकात चार दिवस लटकला, कुणाच्या ध्यानात नाय. पाचव्या दिवशी गिरणीवालाच शेठला म्हणला, आमचा बोकड राजकारणात कधी गेला?
आई हसली नाय. म्हणली, "चाऊसचाचा बोलवायलेत तुला. त्यांच्यापुढं जाऊन बस. निदान बसायचं काम तरी धड कर."

४ नोव्हें.
आमच्या विहारातले तथागत चाचांनीच रंगवलेले, म्हणून आईला त्यांचं लई कौतुक. माणूस अरब. खापरपणजोबा यमनवरून निजामाच्या फौजेत आला, मग इथंच राहिला. त्या सगळ्या खानदानात माणसाचं तोंड रंगवणारे चाचा पयले. अब्बानं ब्रश चुलीत घातले, गुनाह म्हणून. तरी ह्यांनी नाय सोडलं. आधी टॉकीजची बॅनरं, मग लोकांचे मेलेले आईबाप. कुणाचा फोटो नसला तर घरच्यांना रांगेत बसवायचे. नाक ह्याचं, कान तिचे, असं जमवून म्हातारा उभा करायचे.
आता काचबिंदू. एक डोळा गेला, दुसऱ्याचे थोडे दिवस राहिलेत म्हणले डॉक्टर.
"सगळ्यांचे बाप काढले बे. माझा बाप राहून गेला."
अब्बानं जन्मात फोटो काढू दिला नाय. चाचांचा पोरगा पुढं बसत नाय, त्यालाबी गुनाह वाटतो. म्हणून मी. गल्लीत नकला करतो ते चाचांच्या कानावर गेलेलं.
"मी अब्बा सांगतो, तू कर."

५ नोव्हें.
सकाळी आठ ते अकरा. अब्बाचा साफा, अब्बाचा कोट. कोटाला डांबरगोळीचा वास. पाठ मोडली.
चाचा म्हणले, "अब्बा नमाजवरून आल्यावर दारात थांबायचे तसं कर." मला काय माहीत कसं थांबायचे. गिरणीवाल्याचं तोंड केलं. चाचा इतके जवळ आले की नाक लागलं नाकाला. मागं सरकून म्हणले, "हा गिरणीवाला हाय. कायकू मेरे बाप को आटा पिसने लगाया?"

६ नोव्हें.
कंडक्टर केला. ओळखला.
मामा केला. त्यांनी मामाला एकदाच बघितलेलं, तरी ओळखला.
अर्धा आंधळा माणूस, पण एकबी तोंड सुटत नाय त्याच्यापासून.

७ नोव्हें., शुक्र.
जुम्मा. सुट्टी. दिवसभर पडून. आई म्हणली बसून बसून दमतं का कुणी. दमतं.

११ नोव्हें.
आज कपाळ आणि दाढी झाली. तोंड नुसतं भुरकट. डोळ्यांच्या जागी दोन कोरे ठिपके. चाचांची रीतच तशी. डोळे शेवटी, आणि ज्यानं त्या माणसाला जितं बघितलंय त्यानं हां म्हणल्यावरच. चाचा सोडले तर अब्बाला बघितलेलं आता एकच माणूस जितं. कन्नड गावची आपा, चाचांची मोठी बहीण. ती इतवारी यायची हाय.
चाचा तिच्या नावानंच घाबरतेत. "ती नाय म्हणली तर पुसायचं. परत काढायला डोळा नाय ऱ्हायला."

१३ नोव्हें.
काय झालं ते लिहितो, कुणाला सांगता येत नाय.
पाय बधिर झालते. चाचांचं चालूच, असं नको, तसं नको, अब्बा असे नव्हते. मला कंटाळा आला. गंमत म्हणून चाचांचीच नक्कल केली त्यांच्यापुढं. रंग कालवताना करतात तसं. खालचा ओठ आत, डावी भुवई वर, मान जराशी कलती. म्हणलं आता शिव्या खातो आणि सुटतो.
चाचा जवळ आले. बघत ऱ्हायले. हातातला ब्रश खाली गेला.
"हां," म्हणले. "हां. अब्बा."
मग अकरा वाजले, बारा वाजले, थांबेचनात. मी बी हललो नाय. कसा हलणार.
सगळ्या दुनियेला ओळखणारा माणूस. ह्यांनी स्वतःचं तोंड कधी बघितलंच नाय का नीट?

१४ नोव्हें.
जुम्मा. खरं काय ते सांगायला गेल्तो. चाचा फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेले. म्हणले, "विक्या, तीस सालात आज पयल्यांदा अब्बावर राग नाय आला बे."
परत आलो.

१५ नोव्हें.
ओठ झाला. भुवई झाली. तंतोतंत चाचा. साफा घातलेले चाचा.
शेवटी शेवटी रंगाच्या डब्या त्यांना दिसत नव्हत्या. मी हातात देत होतो. गेरू मागितला, गेरू दिला. वाटलं काळा देऊन टाकावा, सगळं बिघडू द्यावं. नाय जमलं.

१६ नोव्हें., रवि.
आपा जीपनं आली. काठी, पानाचा डबा, चाचांपेक्षा ताठ. चहाबी नाय घेतला. सरळ चित्रापुढं उभी.
चाचा दाराला धरून. "आपा, अब्बाच ना?"
आपानं चित्र बघितलं. मग चाचांकडं. मग माझ्याकडं, साफा माझ्या हातात होता.
"हौ," म्हणली. "अब्बाच."
चाचांनी तोंडावर टॉवेल धरला. आत गेले.
जीपपर्यंत सोडायला मी गेलो. आपानं माझा कान धरला, चांगला पिळला.
"हा माझा भाऊ हाय. अब्बा नाय."
"मग तसं म्हणल्या का नाय तुम्ही?"
"तू का नाय म्हणलास?"
तिनं कान सोडला नाय.
"त्याची बी तसबीर कुठंच नव्हती. असू दे. डोळे बाकी हैत ना? डोळे तरी अब्बाचे दे."
"कसे होते?"
आपा उत्तर द्यायला लागली आणि थांबली. जीपवाल्यानं हॉर्न दिला.
"मान वर करून त्यांच्याकडं बघायची हिंमत कुणाची होती," म्हणली. कान सोडला. जीपमधी बसून पान लावायला लागली, परत बघितलं नाय.
आत आलो. चाचा म्हणले, "उद्या आठला ये. डोळे उद्याच. परवाचा भरोसा नाय."
व्हय म्हणलं.
सांजचं आरशापुढं बसलोय. ओठ जमतो, भुवई जमते. डोळे जाऊन येऊन माझेच. आई दारातून म्हणली, "आता कुणाची नक्कल?"
तिला म्हणलं, अजून कुणी ज्याच्या डोळ्यात बघितलं नाय, त्याची.