भरिताचे निखारे

धरणगाव
बुधवार, १५ जानेवारी २०२५

चि. भूमिकाला आजीचा पोटभर आशीर्वाद.

आज सकाळी दारात सगळ्यात आधी आली रहिमाबी! मागून कादरभाई अन् त्यांचा अतिक, हात गळ्यात बांधलेला. कालच संक्रांत झालेली, मी तिळगूळ पुढे केला. रहिमाबीने घेतला गं! एवढा आनंद झाला, चहात साखर दोनदा पडली. तिकडे देवपूरला थंडी असेल, कान बांधत जा. तुझ्या बापाचं मनगट सुजलंय, त्याचं पुढे सांगते.

भरीत पार्टी आटोपून आपण घरी आलो अन् मळ्यात कडब्याची गंजी पेटली. अतिक बांधावरून बिडी ओढत गेला होता, म्हणून तुझ्या बापाने, लीलाधरने, त्याला चौकात ओढून काठीने हात मोडला. हाड वाजलं ते मी ओट्यावरून ऐकलं.

मग तू पार्टीचा व्हिडिओ तुझ्या आईला, मोहिनीला, पाठवलास. वांगी भाजून झाल्यावर कपाशीच्या काड्यांचे निखारे पायाने गंजीकडे कोण लोटतोय? तुझाच बाप, अन् वर हसतोय! वाटलं, आता राग उतरेल. तो तर चढला! "हाई बठ्ठं खोटं शे!" सगळंच खोटं म्हणत तिचा फोन पाट्यावर आपटून फोडला. तुझ्या आईच्या अशी कानाखाली दिली की ओठ फाटला. (आता बरी आहे ती.) मग कुऱ्हाड घेऊन निघाला, अतिकचा दुसरा हात तोडायला. ओरडत होता, "त्याने नाही जाळलं, तं मी कोण झालो?"

मी चटणी कुटत होते. मुसळ हातातच होतं. घातलं मनगटावर! कुऱ्हाड खाली. पोटचा पोर गं माझा, पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी भाकर गोड लागली.

रहिमाबी म्हणाली, "अक्का, जिथे मारलं तिथेच उभं राहून लीलाधरभाऊने सांगावं, अतिकने जाळलं नाही. नाहीतर आम्ही पोलिसात जातो."

लीलाधर भिंतीकडे तोंड करून पडलेला. म्हणे, "पुरावा कुठे शे?"

पुरावा तुझ्या फोनमध्ये आहे. पुसून टाक म्हणेल तुला, रडेलसुद्धा. ऐकू नको. माझ्या फोनला तो कान लावून बसतो, म्हणून ही चिठ्ठी नूतन मास्तरणीच्या हाती देतेय. अक्षर वाकडं आहे, समजून घे.

सोमवारी सकाळी परत येतो म्हणून गेलेत ते. तू त्यांच्या आधी पोच.

मुसळ उशाशी घेऊन वाट बघणारी,
तुझी आजी लताबाई