घर अर्जुनरावाचे, टेप बुद्धभूषणचा

मी, ज्ञानदेव चिमाजी ओव्हाळ, वय बहात्तर, निवृत्त फिटर, शिक्षण सातवी, राहणार थेरगाव, हे मृत्युपत्र लिहितो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्याची झेरॉक्स कपाटातही ठेवली आहे, कारण दाखले हरवतात. दडपण कोणाचेही नाही. राग मात्र आहे, आणि तो शुद्धीतला आहे.

१. थेरगावचा फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा, चाकणच्या ओव्हरटाइमचा. वडिलोपार्जित त्यात एक वीट नाही. तो आणि बँकेतली शिल्लक मी अर्जुन खंडू शिरसाट यांस देतो. सोसायटीत त्याला माझा रूम पार्टनर म्हणतात. तो माझा जोडीदार आहे. वकीलसाहेब म्हणाले, असे लिहायची गरज नाही. म्हणून पुन्हा लिहितो, तो माझा जोडीदार आहे.

२. कागद का करतो ते सांगतो. पुतणी आम्रपालीने आम्हाला टीव्हीवर देशोदेशीचे पिक्चर लावून दिले, ज्यांत पुरुष पुरुषावर आणि बाई बाईवर जीव टाकते. खालची इंग्रजी अक्षरे वाचून अर्जुनराव मला मराठीत सांगतो. देश बर्फाचा असो की नारळाचा, एक जण मेला की त्याचे भाऊ-पुतणे कुलूप घेऊन हजर, आणि दुसरा रस्त्यावर. मला धडकी भरते.

"अर्जुनराव, यांनी कागद केला नव्हता का?"

"गप बघ की, ज्ञानदेवा."

आणि पिक्चरमधला माणूस मेला की हा सांगतो, "गावाला गेलाय. येईल." मी घाबरतो म्हणून तो खोटे बोलतो. पण शवपेटी ओळखायला इंग्रजी लागत नाही.

३. आम्रपालीचा भाऊ बुद्धभूषण नगरसेवक व्हायला निघाला आहे. एका रविवारी आम्ही पिक्चर बघत असताना तो आला आणि आमचा हॉल मोजू लागला. पडद्यावर दोन म्हातारे नाचत होते. त्याने टीव्हीची वायर उपटली.

"काका, या वयात असले बघता? आणि हा भाडेकरू कधी काढताय?"

अर्जुनराव म्हणाला, "बाळा, चहा टाकू?"

जाताना तो मोजायचा टेप टीपॉयवर विसरला. तो टेप मी त्याला देतो. दुसरे काहीही देत नाही.

४. मी गेल्यावर तो डांगे चौकात फ्लेक्स लावील, माझा फोटो बोटाएवढा आणि त्याचा दाराएवढा. तसे होऊ देऊ नये. 'शोकाकुल' या शब्दाखाली एकच नाव असावे, अर्जुन शिरसाट. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत अर्जुनराव पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसेल. बुद्धभूषणने मागे चपलांजवळ बसावे. त्याला माईक देऊ नये, हातात आला की सोडत नाही. अशा वेळी मागे उभे केलेले जोडीदार मी पिक्चरमध्ये फार पाहिले.

५. माझा पान्यांचा सेट आम्रपालीला. हे सर्व अमलात आणायची जबाबदारी तिची. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिने तो अर्धा राहिलेला पिक्चर सर्वांसमोर पहिल्यापासून लावावा आणि वायरीजवळ स्वतः बसावे. मोठा पाना सोबत ठेवावा.

६. अर्जुनराव, हे तुला. कोणी दाराशी आले तर ज्ञानदेव गावाला गेलाय असे सांगायचे नाही. मेला म्हणायचे. माझा होता म्हणायचे. मग आतून कडी लावून घ्यायची. घर तुझे आहे.

सही: ज्ञानदेव चिमाजी ओव्हाळ

यांनी आमच्यादेखत सही केली, चष्मा पुसून सर्व पुन्हा वाचले, आणि आम्हीही एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. शालनबाई सोनबा कुदळे, शेजारी
२. नवनाथ भोंडवे, सोसायटीचे सेक्रेटरी

ठिकाण: थेरगाव
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५